हॅन्सेल-ग्रेटेल मोठ्यांसाठी लिहितेय, बापाच्या बाजूने. सल्ला हवाय

शिशिरसांज

नमस्कार मंडळी, एरवी मी इथे नुसतीच वाचत असते, पण आता अडलेय म्हणून धागा काढते.

जुन्या परीकथा मोठ्या वाचकांसाठी नव्याने लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं, सुरुवात हॅन्सेल-ग्रेटेलपासून केलीय कारण ती गोष्ट मला कधीच संपल्यासारखी वाटली नाही. म्हणजे बघा, मुलं चेटकिणीला भट्टीत ढकलतात, मोती-माणकं भरून घेऊन घरी येतात, बापाच्या गळ्यात पडतात, सावत्र आई तोवर मेलेली असते (कशाने ते अक्षरानेही सांगितलेलं नाही) आणि मग सगळे आनंदात राहू लागतात. अरे पण ह्याच बापाने दोनदा त्यांना जंगलात सोडलं होतं ना! पहिल्यांदा मुलं परत आली तेव्हा त्याला बरं वाटलं असं गोष्टच सांगते, आणि तरी पुन्हा अन्नाचा तुटवडा पडल्यावर तो पुन्हा तयार झाला. मला त्यांच्या परत येण्याच्या नंतरची पहिली रात्र लिहायचीय. तिघं एका छपराखाली, कोण कुठे झोपलं, झोपताना दाराची कडी कोणी लावली.

आता अडचण. लघुकादंबरीचा आवाका धरलाय, पण निम्मा मजकूर जंगल, परतीची वाट सापडावी म्हणून टाकलेले पांढरे खडे आणि पावाचे तुकडे, चेटकिणीचं मिठाईचं घर ह्यातच जातोय आणि ते तर सगळ्यांना पाठ आहे. एका मैत्रिणीला वाचायला दिलं तर ती म्हणाली "मस्त डार्क झालंय", बास, पुढे काहीच नाही. बापाबद्दल एक शब्द नाही. म्हणजे काळोख पोचला आणि माणूस पोचलाच नाही.

तर विचारायचंय ते असं. गोष्ट आजच्या काळात आणू का, फ्लॅट, मोबाईल, कर्जाचे हप्ते वगैरे, की जुन्या काळातच राहू दे? चेटकीण खरीखुरी ठेवू की मुलांच्या मनातली? रक्त, सेक्स ह्या गोष्टी किती घ्यायच्या, मोठ्यांसाठी म्हटलं की लोक तेच शोधतात असं वाटतं. आणि कॉपीराइटचं काय असतं ह्यात? ज्यांनी असं काही लिहिलंय किंवा भरपूर वाचलंय त्यांनी मोकळेपणाने सांगा, झोडपलंत तरी चालेल.

काजवा

फक्त काळाबद्दल बोलतो, बाकीचं जाणकार सांगतीलच.

आजचा काळ घेतलात की पहिल्याच पानावर तुम्हाला मोबाईलचा बंदोबस्त करावा लागतो. बॅटरी संपली, रेंज गेली, फोन पाण्यात पडला, ह्यातलं काहीही लिहा, वाचकाला लगेच कळतं की ही लेखकाची सोय आहे. जंगलात हरवणं ही ह्या गोष्टीची अट आहे आणि आजच्या जगात ती अट जुळवण्यातच तुमची दमछाक होणार. उलट मूळ गोष्टीत काळ असा नाहीचये. एका मोठ्या जंगलाच्या कडेला लाकूडतोड्या राहत होता आणि देशात प्रचंड महागाई झाली, एवढंच. साल नाही, राजा कोण ते नाही, गावाचं नाव नाही. ते तसंच मोकळं सोडा, फक्त घरातल्या वस्तू नेमक्या ठेवा. पाव किती उरलाय, तो कोण कापतं, कापणाऱ्याकडे बाकीचे कसे बघतात. पैशाचा ताण आजच्या वाचकाला त्यातूनच जाणवेल, त्यासाठी हप्त्यांचा उल्लेख करायची गरज नाही.

आजच्या काळातली पुनर्कथनं वाईटच असतात असं नाही म्हणत. ज्या गोष्टीचा गाभा घराच्या आत आहे, उदा. ब्लूबियर्ड, नवऱ्याने किल्ल्या दिल्या आणि एक खोली उघडू नकोस म्हणाला, ती कुठल्याही काळात चालते. तिथे तर फोनचाच उपयोग करता येईल. तुमच्या गोष्टीला मात्र जंगल लागतं.

जुनीपोथी

अगं शिशिर, तुझा रक्त आणि सेक्सवाला प्रश्न आधी घेते कारण माझ्या मते सगळी गडबड तिथेच होते.

आपण समजतो की ह्या गोष्टी गोडगोजिऱ्या होत्या आणि आता आपण त्यांना मोठं करणार. प्रत्यक्षात उलटं झालंय, मोठ्यांच्या गोष्टी छोट्यांसाठी कापून लहान केल्या गेल्या. बाझिले ह्या इटालियन लेखकाचा नेपल्सच्या बोलीतला परीकथांचा संग्रह १६३४ ते ३६ मध्ये आला, त्यात झोपलेल्या राजकन्येची जी गोष्ट आहे तिच्यात राजा चुंबन घेऊन तिला जागं करत नाही, ती बेशुद्ध असताना तिच्यावर बलात्कार करून निघून जातो, तिला झोपेतच जुळी होतात आणि त्यातलं एक बाळ चुकून तिचं बोट चोखतं तेव्हा बोटात रुतलेलं कुसळ निघतं आणि ती जागी होते. फ्रेंच लेखक पेरोच्या १६९७ च्या संग्रहात लाल टोपीवाल्या मुलीला लांडगा खातो आणि गोष्ट तिथेच संपते, कोणी शिकारी येत नाही पोट फाडायला. ब्यूटी अँड द बीस्ट तर १७४० मध्ये मादाम द व्हिलनव्हने चांगली जाडजूड कादंबरीसारखी लिहिली होती, मोठ्या वाचकांसाठी, आणि १७५६ मध्ये मादाम द बोमाँने ती छाटून मुलींना शिकवण देणारी छोटी गोष्ट केली, आपल्याला माहीत आहे ती ही दुसरी.

आणि तुझी हॅन्सेल-ग्रेटेल ज्यांच्या संग्रहातली, त्या जर्मन ग्रिम बंधूंनी काय केलं ते तर बघच. पहिली आवृत्ती १८१२ ची. त्यात मनोऱ्यात कोंडलेली रॅपुन्झेल तिला कोंडणाऱ्या बाईला अगदी भोळेपणाने विचारते की माझे कपडे मला इतके घट्ट का होऊ लागलेत, म्हणजे राजपुत्र येऊन जातोय आणि तिला दिवस गेलेत हे वाचकाला बरोबर कळतं. पुढच्या आवृत्त्यांमध्ये तो प्रश्न गेला आणि त्या जागी आलं की तुला वर ओढायला राजपुत्रापेक्षा जास्त जोर का लागतो. पोटाचा विषय काढला, पण मारझोड काढली असं नाही हं. सिंड्रेलाच्या सावत्र बहिणींचे डोळे कबुतरं फोडतात ते १८१२ मध्ये नव्हतं, १८१९ मध्ये घातलं. म्हणजे सेक्स गेला आणि हिंसा वाढली, आणि हे सगळं पुस्तक मुलांच्या हातात जातंय हे कळल्यावर! मग तू रक्त वाढवून काय वेगळं करणार? ते तर लहानांच्या आवृत्तीतच भरपूर आहे.

आता तुझ्या कामाचं. हॅन्सेल-ग्रेटेलमध्ये १८१२ ला सावत्र आई नव्हतीच, सख्खी आई होती. १८४० च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. हिमगौरीची राणीसुद्धा आधी सख्खी आई होती, ती १८१९ मध्ये सावत्र झाली. आई असं करूच शकत नाही म्हणून तिला बाहेरची केली आणि बापाला मात्र सख्खाच ठेवला, फक्त रडका केला. माझ्या मते तुझी गोष्ट इथे आहे. सगळा दोष एका बाईवर ढकलून बापाला हळवा आणि निर्दोष ठरवण्याचं काम १८१२ ते १८५७ अशी पंचेचाळीस वर्षं आवृत्तीमागून आवृत्ती चाललं होतं, आणि तू ते उलट फिरवणार आहेस. सख्ख्या आईवर परत जाशील का ह्याचा विचार कर, मी तरी जाईन.

अजून एक. १८५७ ची शेवटची आवृत्ती नीट, सावकाश वाच. पहिल्यांदा मुलांना जंगलात नेतात, शेकोटी पेटवून बसवतात आणि आम्ही लाकडं तोडायला जातो म्हणून सांगतात. मुलांना दिवसभर कुऱ्हाडीचे घाव ऐकू येतात, त्यामुळे त्यांना वाटतं बाबा जवळच आहेत आणि ती निवांत झोपतात. तो आवाज कुऱ्हाडीचा नसतो. बापाने एका वाळक्या झाडाला फांदी बांधून ठेवलेली असते आणि वाऱ्याने ती खाडखाड आपटत असते. *बापाने* बांधलेली. ती गाठ बायकोने मारलेली नव्हती.

शिशिरसांज

जुनीपोथी, हे फांदीचं मी वाचलं होतं आणि तरी डोळ्यांवरून निसटून गेलं होतं! आत्ता पुन्हा काढून वाचलं, अंगावर काटा आला. म्हणजे त्याने झाड निवडलं असणार, वाळकं, पोकळ आवाज देणारं. फांदी किती लांब हवी ते बघितलं असणार. एकदा हलवून आवाज खरा वाटतो का ते ऐकलं असणार. तो लाकूडतोड्या आहे, त्याला हे सगळं छान जमणार. ज्या कसबावर मुलांना पोसायचं तेच कसब त्याने इथे वापरलं, आणि वापरताना मन लावून केलं असेल, कारण त्याला काम वाईट करता येतच नाही.

मग सुरुवात त्या गाठीपासूनच करू का? आणि सगळं प्रथमपुरुषी, बापाच्याच तोंडून?

अर्धविराम

गाठीपासून सुरुवात, हो, नक्की. प्रथमपुरुषी मात्र नको, कळकळीने सांगतो.

बाप स्वतः बोलायला लागला की तो स्वतःची बाजू मांडणार, माणूस तेच करतो. महागाई होती, चौघं मेलो असतो, बायको मागे लागली होती, जंगलात कोणीतरी भेटेल त्यांना असं वाटलं. सगळं पटण्यासारखं आहे आणि तेच धोक्याचं आहे, चांगलं लिहिलंत तर तो सुटतो आणि वाईट लिहिलंत तर तो वकिलासारखा वाटतो. तृतीयपुरुषी ठेवा, त्याच्या खांद्याला खांदा लावून चाला, पण डोक्यात फार शिरू नका. हात दाखवा.

ह्याला एक कारण आहे. माक्स ल्यूथी म्हणून स्विस अभ्यासक होते, त्यांनी १९४७ मध्ये युरोपीय लोककथेच्या शैलीवर लिहिलं, त्यातलं मुख्य निरीक्षण असं की परीकथेतल्या माणसांना आतलं जग नसतंच. ती चपटी असतात. प्राणी बोलला तर कोणी दचकत नाही, बोट कापलं तर त्याच्या वेदनेचं वर्णन येत नाही, आठवणीने कोणी झुरत नाही. भावना असेल तर ती कृतीत किंवा वस्तूत दिसते, ते पण एका ओळीत. मोठ्यांसाठी लिहिताना आपला पहिला मोह असतो तो हा चपटेपणा भरून काढायचा, प्रत्येकाला बालपण द्यायचं, जखम द्यायची, प्रत्येक जादूला मानसशास्त्रीय खुलासा जोडायचा. तेवढं सगळं भरलं की उरते ती साधी वास्तववादी कथा, जिच्यात पात्रांची नावं तेवढी ओळखीची आहेत. एखाद्या ठिकाणीच खोल जा आणि बाकी सगळं तसंच कोरडं, झटपट ठेवा, म्हणजे ते खोल गेलेलं जाणवतं. तुमच्या बाबतीत ती जागा म्हणजे फांदी बांधणं आणि ती रात्र. जंगल, खडे, पाव, चेटकीण हे सगळं दोन-तीन पानांत उरकलं तरी चालेल, वाचकाला येतंय ते.

चेटकिणीबद्दल. ती खरी ठेवा असं माझं मत. ती मुलांच्या मनातली केलीत तर ग्रेटेलने एका म्हाताऱ्या बाईला जिवंत जाळलं आणि तिचे दागिने आणले असा अर्थ होतो. ती गोष्ट पण जबरदस्त होईल, पण ती वेगळी आहे, आणि त्यात बापाचा गुन्हा मुलीच्या गुन्ह्याखाली दबून जाईल. दोन्ही एकत्र नाही पेलणार.

मात्र चेटकीण आणि आई ह्यांच्यात एक धागा मूळ गोष्टीतच आहे तो वापरा. आई मुलांना पहाटे उठवते ते "उठा रे आळशांनो" असं म्हणून, आणि चेटकीण ग्रेटेलला उठवते तेव्हा जवळपास तेच शब्द, "ऊठ गं आळशे". आणि चेटकीण भट्टीत मेल्यावर मुलं घरी येतात तर आई मेलेली. कारण काहीच दिलेलं नाही. तुम्ही पण देऊ नका. बापाला विचारू दे मुलांनी, "आई कशाने गेली", आणि त्याने काहीतरी सांगावं, आणि ग्रेटेलला ते खरं वाटू नये, किंवा तिला जास्तच माहीत असावं. खुलासा नको.

वाटसरू

वरचे प्रतिसाद आवडले पण मला मूळ कल्पनेबद्दलच थोडं बोलायचंय, राग मानू नका.

हल्ली पुनर्कथन म्हटलं की खलपात्राची बाजू, हे ठरूनच गेलंय. राणी वाईट नव्हती, तिच्यावर अन्याय झाला होता, लांडगा भुकेला होता, चेटकीण एकटी होती. पहिल्यांदा वाचताना भारी वाटतं, नंतर सगळ्या पुस्तकांत तेच. तुमचा बाप खलपात्र नाही हे मान्य, पण धोका तोच आहे, की सगळी सहानुभूती त्याच्याकडे जाईल आणि जिने खरं काम केलं ती बाजूला पडेल. भट्टीत डोकावायचं कसं ते मला येत नाही, तुम्ही दाखवा, असं म्हणून चेटकिणीला पुढे करणारी ग्रेटेल आहे. हॅन्सेल तेव्हा पिंजऱ्यात, चेटकीण तो लठ्ठ झाला का ते बोट चाचपून बघते म्हणून, बोटाऐवजी हाडूक पुढे करत बसलाय. तोपर्यंत ती सतत रडत असते आणि भाऊ तिची समजूत घालत असतो, त्या एका वाक्यानंतर सगळं उलटं होतं. घरी येताना वाटेत मोठं पाणी लागतं (जाताना ते लागलंच नव्हतं, हे पण लक्षात घ्या) आणि बदक त्यांना पलीकडे न्यायला येतं, तेव्हा हॅन्सेल पाठीवर बसून तिलाही बोलावतो आणि ती म्हणते, दोघांचं ओझं त्याला झेपणार नाही, एकेकाला नेऊ दे. आता निर्णय ती घेतेय.

तर ती रात्र लिहाल तेव्हा घरात एक अशी मुलगी आहे जिने माणूस मारलाय, आणि जिला माहितेय की मोठी माणसं गोड बोलून काय करतात. बापाला झोप लागणार नाही ती फक्त अपराधी वाटतंय म्हणून नाही. तो तिला घाबरतोय. चूल तिने पेटवली तर त्याला काय वाटेल? मला तर वाटतं कडी तिनेच लावली पाहिजे.

जुनीपोथी

+१ वाटसरू, चुलीचं फार आवडलं.

ग्रेटेलवरून आठवलं म्हणून लिहिते. लाल टोपीवाल्या मुलीची फ्रान्समध्ये तोंडी सांगितली जाणारी एक जुन्या वळणाची गोष्ट आहे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नोंदवलेली. त्यात ना टोपी, ना शिकारी. मुलगी लांडग्याच्या अंथरुणात अडकते, मग म्हणते मला बाहेर जायचंय, लागलीय जोरात. लांडगा म्हणतो इथेच कर. ती हट्ट धरते, तो पायाला दोरी बांधून सोडतो, ती अंगणात जाऊन दोरी आलुबुखारच्या झाडाला बांधते आणि पळून जाते, तो आतून विचारत बसतो, झालं का, झालं का. मोठ्यांसाठी लिहायचं म्हणजे काय ह्याचा हा नमुना म्हणून सांगतेय. शरीर आहे, भीती आहे, खट्याळपणा पण आहे, आणि मुलगी स्वतःच्या डोक्याने सुटते. तुझ्या मसुद्यात कुठे तरी हसू येऊ दे शिशिर, "डार्क" म्हणून जे होतं ते बहुतेक एकाच सुरात लिहिल्यामुळे होतं. दोन भावंडं इतके दिवस एकत्र राहून आलीत, त्यांच्यात एखादा असा विनोद असणार जो बापाला कळणार नाही. हाडकावरून असेल. ती जेवताना हसतील आणि तो बघत बसेल.

अशी रूपं शोधायची असतील तर लोककथांच्या प्रकारांची आंतरराष्ट्रीय सूची आहे, आर्नेने १९१० मध्ये सुरू केली, थॉम्पसनने वाढवली, उथरने २००४ मध्ये नव्याने मांडली. तुझी गोष्ट ३२७ ए, लाल टोपी ३३३, सिंड्रेला ५१० ए, ब्लूबियर्ड ३१२. हे क्रमांक टाकून शोधलंस की एकाच गोष्टीची देशोदेशींची रूपं सापडतात, आणि कुठलं तरी एक तुला हवं ते दार उघडतं.

शिशिरसांज

किती दिलंत तुम्ही लोकांनी! वाटसरू, राग कसला, तुम्ही म्हणताय ते पटलंय आणि थोडं त्रासही देतंय कारण माझ्या मसुद्यात ग्रेटेल नुसती शांत बसलेली आहे, शहाणी मुलगी. ती तशी नसणारच.

आता आई सख्खी करणार आणि बापाची गोष्ट तृतीयपुरुषी. सुरुवात गाठीपासून, मग जंगल वगैरे झटक्यात, मग थेट दारातला आवाज. अर्धविराम, एका गोष्टीवर मात्र अजून अडलेय. मोती-माणकं. ती घरात आल्यावर भूक संपते, म्हणजे ज्या कारणाने मुलांना सोडलं ते कारणच संपतं. मग बापाचं प्रेम परत आलं की पैसा आला म्हणून परत आलं, हे त्याला स्वतःला तरी कळणार का?

अर्धविराम

नाही कळणार, आणि मुलांनाही कधी कळणार नाही, त्यामुळे ते दागिने खर्च होत असतानाच गोष्ट पुढे न्या असं सुचवतो. मूळ गोष्टीत ग्रेटेल पदर झटकते आणि मोती सगळ्या खोलीभर उधळतात, हॅन्सेल खिशातून मूठमूठ काढून टाकतो. ते सगळं जमिनीवर पडलेलं आहे. कोणीतरी वाकून गोळा करणार. बाप गुडघ्यावर बसून, फळ्यांच्या फटीतून एकेक मोती काढतोय आणि दोघं उभी राहून बघतायत, एवढं लिहा. तो त्यांना मिठी मारतो तो आधी की मोती गोळा केल्यावर, हा क्रम तुम्हीच ठरवायचा. मी आधी मिठी ठेवेन आणि ती जरा लवकर सोडायला लावेन.

काजवा

कॉपीराइटचं राहिलं ना. ग्रिम बंधू १८५९ आणि १८६३ मध्ये वारले, पेरो १७०३, अँडरसन १८७५, त्यामुळे मूळ गोष्टी सगळ्यांसाठी खुल्या आहेत, परवानगी कोणाची लागत नाही. भाषांतराचं तसं नसतं, ते भाषांतरकाराचं असतं. मार्गारेट हंट यांचं १८८४ चं इंग्रजी भाषांतर खुलं आहे, ते खुशाल समोर ठेवा. पण अलीकडचं कोणाचं भाषांतर वाचून त्यातली वाक्यं उचलली तर अडचण येऊ शकते, मग ते इंग्रजी असो की मराठी.

दुसरं म्हणजे सिनेमांनी घातलेल्या गोष्टी. आपल्या डोक्यात त्या इतक्या मुरल्यात की मूळच्याच वाटतात. हिमगौरीच्या सात बुटक्यांना ग्रिमकडे नावंच नाहीत, आपल्याला पाठ असलेली नावं १९३७ च्या सिनेमाची. ती चुंबनाने उठते तेही ग्रिमकडे नाही, तिची शवपेटी नेणारे नोकर ठेचकाळतात आणि घशात अडकलेला सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो. बेडकाच्या गोष्टीत तर राजकन्या चिडून त्याला भिंतीवर आपटते तेव्हा तो राजपुत्र होतो. तेव्हा ह्या मालिकेतल्या पुढच्या गोष्टी घ्याल तेव्हा आठवणीतून लिहू नका, मूळ पाठ शेजारी उघडा ठेवून लिहा. कायद्याच्या दृष्टीने सुरक्षित राहालच, शिवाय ती फांदी जशी सापडली तसं अजून काही सापडेल.

पहिला भाग झाला की इथेच टाका, गाठीचा प्रसंग तरी. वाचायला थांबलोय. पुढील लेखनाला शुभेच्छा.